आधी प्रश्न लिहायला शीक

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या राजीव गांधी भवनासमोरचं तुझं भाषण ऐकलं. आवाज खणखणीत, भीडभाड नाही, फार बरं वाटलं. पण टाळ्या पडल्या आणि आयुक्तांना जे विचारायचं ते राहूनच गेलं.

तुला विधानसभेत जायचंय ना? मग आपल्याच जिल्ह्यातल्या साथी निहाल अहमद यांची कारकीर्द नीट अभ्यास. यंत्रमागांच्या मालेगावचा हा समाजवादी माणूस, बोलायला रोखठोक. १९७८ च्या पुलोद म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री. डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी पक्षनेतेपद साथींकडे आलं. त्यांच्यानंतर दत्ता पाटील, मग मृणाल गोरे. काय तोलामोलाची माणसं होती त्या बाकांवर! बाबरी मशीद पाडल्याच्या निषेधार्थ साथींनी दंडाला काळी फीत बांधली, ती २०१६ मध्ये ते जाईपर्यंत. मधल्या काळात आमदारकी गेली, तरी मालेगाव महापालिकेचे पहिले महापौर तेच.

आता तुझ्याबद्दल. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत, त्या रोज थोड्या वाच. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्याची, ठरलेली घडण असते. आधी गाव, काम, महिना घालून 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास, चौकशी केली आहे काय', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. पहिल्यांदा वाचताना रुक्ष वाटेल. पण या शेवटच्या ओळीत खातं अडकतं, कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने छापलं जातं. 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं, की खोटं काय आणि खरं किती, हे उपप्रश्नात, म्हणजे त्या उत्तरावर लगेच विचारायच्या प्रश्नात, खोदून काढायचं. तिथे तुझा खणखणीत आवाज कामाला येईल. हातात कागद नसेल तर मंत्री 'माहिती घेऊन सांगतो' म्हणून बसतील आणि कामकाज पुढे सरकेल.

सभात्यागही शिक, पण जपून वापर. बाहेर पडलेल्या आमदाराला उपप्रश्न विचारता येत नाही. मला तर उठसूट सभात्याग म्हणजे मतदाराची फसवणूकच वाटते.

रविवारी घरी ये. तुमच्या प्रभागातल्या पाण्याचा प्रश्न याच घडणीत लिहून आण. पाणी कोणत्या तारखेपासून येत नाही आणि पहिला तक्रारअर्ज कधी दिला, ते त्यात हवं. अर्जाची पोच सापडत नसेल तर आधी ती शोध.

तुझा,
काका