सहा महिन्यांसाठी सोर्स कोड

प्रश्न : वकीलताई, एका पतसंस्थेसाठी पिग्मी वसुलीचं सॉफ्टवेअर मी सात वर्षांपूर्वी एकट्याने लिहिलं. आता त्यांना मोबाइल ॲप हवंय आणि ते पुण्यातली एक कंपनी करणार आहे. त्यासाठी सहा महिने सोर्स कोड, म्हणजे मी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, मागतात. मॅनेजर म्हणतात, लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, पुरे. देऊ का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : द्या, पण दोन ओळींवर नको. तुम्ही संस्थेचे पगारी नोकर नव्हता आणि हक्कही लिहून दिलेले नाहीत, असं मी धरते. म्हणजे कॉपीराइट तुमचाच. १९५७च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. याच कायद्याची कलमं १९ आणि ३०-अ एकत्र वाचा. कोड वापरू देण्याचा लेखी कागद म्हणजे परवाना. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर अख्खा भारत!

माझ्याकडे एक मुलगा असाच कागद घेऊन आला होता. ‘वापरासाठी सोर्स कोड देत आहे’, खाली सही. बस. त्याचा कोड तिसऱ्याच गावात चालू होता. कोडमध्ये लिहिलेल्या टिपेत, म्हणजे कॉमेंटमध्ये, त्याने ‘व्याज’चं स्पेलिंग चुकवलं होतं, ते तसंच्या तसं तिथे होतं. चोरी ओळखू आली, पण मनाई केल्याचा एक शब्द कागदावर नव्हता. फार वाईट वाटलं मला.

म्हणून ‘सहा महिने’ एवढंच लिहू नका, सुरुवातीची आणि शेवटची तारीख घाला. वापर फक्त या संस्थेच्या ॲपपुरता. पुण्याच्या कंपनीचीही सही घ्या, कारण कोड तिच्या हातात जाणार. तिने केलेले बदल कोणाचे, हे आत्ताच ठरवा. मुदत संपली की सगळ्या प्रती पुसल्याचं लेखी पत्र मागा. मात्र संस्थेत बसवलेलं सॉफ्टवेअर पुढेही चालेल, हे स्पष्ट लिहा. काउंटरवर उभ्या ठेवीदाराचं पासबुक तुमच्या तारखेपायी अडायला नको.

आणि कोड देण्याआधी त्यातले डेटाबेसचे पासवर्ड काढा.

पण त्याही आधी कंपनीला विचारा, सगळा कोड खरंच लागतो का? खातं, शिल्लक, आजचा भरणा एवढंच ॲपला हवं असेल, तर तुम्हीच एपीआय, म्हणजे ॲपला तेवढीच माहिती देणारा दुवा, लिहून द्या आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. मग कोड घराबाहेर जाणारच नाही.