आधी अडकित्ता आण

प्रिय पोरी,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, नाशकात सगळा काळा दगडच, इथे बसून सस्तन प्राण्यांचे जीवाश्म काय शिकणार म्हणतेस. दगडाचं तुझं बरोबर आहे. पांडवलेणी ज्यात कोरलीत तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात जबडे शोधत बसू नकोस. पण सापुताऱ्यावरून सुरतेकडे उतर, तिकडे वस्तानच्या लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणीत याच लाव्हानंतर साचलेला गाळ आहे, साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्यातनं इंडोहायनोडॉन राओई नावाच्या छोट्या मांसाहारी प्राण्याचे जबडे नि दात मिळालेत. नाव 2009 साली दिलं. नावात हायना दिसतंय म्हणून तरसाचा नातेवाईक समजू नकोस हां, ते हायनोडॉन्ट नावाचं कुळच वेगळं आणि आता पार संपलेलं. आणि ते वेगळं हे दाढा बघूनच कळतं.

म्हणून आधी भांडीबाजारातून एक अडकित्ता आण. खरंच आण. सुपारी कातरताना नीट बघ, एक पातं दुसऱ्याला घासून खाली जातं, मांस कापणाऱ्या दाढा अशाच चालतात. कुत्र्याला प्रत्येक बाजूला असा एकच अडकित्ता, वरची चौथी उपदाढ (उपदाढा म्हणजे दाढांच्या पुढचे दात) आणि खालची पहिली दाढ, मागच्या दाढा चिरडायला मोकळ्या. हायनोडॉन्टांचं तसं नाही, त्यांच्या खालच्या तिन्ही दाढांना पातं, म्हणजे एकामागे एक अडकित्ते लावलेत म्हण ना! आणि प्रत्येक पात्याच्या मागे एक छोटी खोलगट वाटी, तिच्यात वरच्या दाढेचा उंचवटा येऊन बसतो, तो खलबत्ता. या कुळातले पुढचे जे कट्टर मांसाहारी झाले त्यांच्यात ही वाटी आक्रसत गेली. त्यामुळे दाढ हातात आली की नाव शोधायला धावू नकोस, आधी पातं केवढं नि वाटी केवढी ते बघ.

टेबल लॅम्प अगदी आडवा धर आणि दाढ लेन्सखाली हळूहळू फिरव. एका कोनात पात्याच्या उतारावर झिजलेला सपाट पट्टा एकदम चमकून उठतो, त्यावर बारीक समांतर ओरखडे दिसतात. पातं कुठल्या दिशेनं घासलं जायचं ते तिथे लिहिलेलं असतं गं, मला अजूनही ते दिसलं की हात थांबतो. आणि मग चित्र काढ, पेन्सिलनं, फोटो नको, फोटोत आपण बघतच नाही.

साफ करायची घाई मात्र अजिबात नको. मी सुरुवातीला एका जबड्यावरची माती सुईनं खरवडताना दाढेचं पुढचं टोकच उडवलं, तुकडा शोधायला चाळणी घेऊन दोन दिवस बसलो, मिळाला नाही. तेव्हापासून ओला ब्रश आणि थांबत थांबत.

मुंगसाचा सांगाडा सापडला तरी घरी आणू नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं ते. मटणवाल्याला बोकडाच्या मुंडीचं सांगून ठेव, जबडा उकळून घे आणि रविवारी घेऊन ये, माझ्याकडे कुत्र्याच्या जबड्याचा साचा आहे, दोन्ही शेजारी ठेवून बसू. अडकित्ता विसरू नकोस.

तुझे सर