देवगड हापूस विकण्यासाठी छोटी वेबसाइट करतोय. ती गुगलवर दिसावी आणि लोक थांबावेत, यासाठी काय करू?

‘आपले सहर्ष स्वागत’वाला बॅनर आधी काढा. पानाच्या शीर्षकातच ‘देवगड हापूस, पुण्यात घरपोच’ असं लिहा. गिऱ्हाईक शोधताना साधारण हेच टाइप करतं. पेटीचा भाव, पेटीत किती डझन, हंगाम कधी, कुठल्या शहरांत पाठवता, हे सगळं मजकुरात हवं. बरेच जण दरपत्रकाचा फोटो चिकटवून मोकळे होतात. त्यातली अक्षरं गुगलला धड वाचता येतीलच असं नाही, आणि मोबाइलवर माणसालाही नाही! बागेचे फोटो लहान करूनच चढवा. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेले शोधशब्द, यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. क्रमवारीत ते धरत नाही, हे गुगलनेच २००९ मध्ये सांगितलंय. गुगल मॅपवरची नोंद मात्र आजच करा, फुकट आहे.