वाचकांचे प्रश्न : युरेकाची गुरे कुठे असतात?

प्रश्न : मागच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात रेनोला पुतण्याकडे गेलो असता त्याने आम्हा उभयतांना ‘हायवे ५०’ने ईलीपर्यंत नेले. वाटेत युरेका गावी थांबलो. विटांचे जुने कोर्ट, एक नाट्यगृह, पेट्रोल पंप, दोन-तीन मोटेल, की संपले गाव. हे गुरे पाळणाऱ्यांचे गाव आहे, असे पुतण्या म्हणाला. परंतु आम्हाला गाईचे चित्र असलेल्या पिवळ्या पाट्याच दिसल्या, गाय एकही दिसली नाही. मी माणदेशातला, चारा छावण्या पाहिलेला माणूस आहे. त्या खुरट्या झुडपांवर गुरे जगतात कशी, एवढी जमीन कोणाची, आणि तिथे पुढची पिढी टिकते का?
— एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : आपण सातारचे आहात म्हणून तिथलेच माप वापरतो. युरेका हे ज्या काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे, ठाणे आहे, तिचे क्षेत्रफळ सुमारे १०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून किंचित जास्तच आहे. सातारा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत तीस लाख माणसे होती. युरेका काउंटीत २०२०मध्ये १,८५५ होती. कोरडेपणाचे कारण मात्र आपल्या घरचेच आहे. महाबळेश्वर पाऊस अडवते आणि माण कोरडा राहतो, तसेच पश्चिमेची सिएरा नेव्हाडा रांग पॅसिफिकचे ढग अडवते आणि पलीकडे सारा नेव्हाडा पर्जन्यछायेत जातो. युरेकाला वर्षाकाठी दहा-बारा इंच पाणी मिळते, तेही बरेचसे हिमाच्या रूपाने, कारण गाव साडेसहा हजार फुटांवर वसले आहे. माणचा पाऊस याहून अधिक भरेल.

आपण पाहिलेले राखी रंगाचे झुडूप म्हणजे सेजब्रश. जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला; पहिल्या पावसानंतर त्या माळावर येणारा कडवट सुगंध आपण लगेच ओळखला असता. ते झुडूप मात्र गुरांचा चारा नव्हे. गुरे खातात ते झुडपांच्या मधून ठोंबाठोंबाने उगवणारे गवत, आणि ते इतके विरळ असते की एका गाईला वासरासह महिनाभर पोसायला साधारण वीस एकर रान लागते. दोनशे गाई आणि सहा-सात महिन्यांची चराई असा हिशेब मांडून पाहावा, म्हणजे आपल्याला गुरे का दिसली नाहीत याचे निम्मे उत्तर मिळेल. उरलेले निम्मे असे, की डिसेंबरात बहुतेक गुरे रस्त्यापासून दूर, रँचवरच्या गंजीपाशी असतात.

जमिनीचा प्रश्न आपण नेमका विचारलात. नेव्हाडाची सुमारे ८० टक्के जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची आहे. आपल्याकडचे गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते. हे गायरान थेट वॉशिंग्टनचे आहे, असे समजा. १९३४च्या टेलर ग्रेझिंग कायद्यापूर्वी ज्याचे कळप पोचतील त्याचे रान होते, आणि त्यात गवताची वाताहत झाली. त्यानंतर परवाने आले. परवाना सहसा दहा वर्षांचा असतो, आणि तो मिळण्यासाठी पशुपालकाकडे स्वतःची थोडीतरी पायाभूत जमीन किंवा पाणी असावे लागते. चराईपट्टी ‘एक गाय, एक वासरू, एक महिना’ या मापाने आकारतात. १९८६मध्ये तिची किमान मर्यादा १.३५ डॉलर ठरली आणि पुढे अनेक वर्षे दर तेवढाच राहिला. खासगी कुरणाच्या भाड्यापुढे ही रक्कम नगण्य आहे, म्हणून शहरातले टीकाकार याला खिरापत म्हणतात. पशुपालकाचे म्हणणे असे, की पाण्याची टाकी, कुंपण आणि जनावरामागची धावपळ हे सारे त्याच्याच खिशातून जाते. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. मात्र किती जनावरे, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत चरतील हे सरकारी कचेरीने ठरवायचे आणि दुष्काळी वर्षी आकडा खाली आणायचा, अशा टांगणीवर संसार करणे सोपे नाही, हे माणदेशी माणसाला वेगळे सांगायला नको.

वसंतात वासरांना डाग देण्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. शेजारी, म्हणजे तीस-चाळीस मैलांवरचे लोक, घोडे घेऊन येतात. एकजण फास टाकून वासराला मागच्या पायांनी आगीपाशी ओढत आणतो, दोघे त्याला दाबून धरतात, आणि मिनिटाभरात डाग, लस आणि कानाची खूण उरकते. केस जळल्याचा वास दिवसभर कपड्यांतून जात नाही. कोणी कोणाला मजुरी देत नाही. पुढच्या आठवड्यात यजमान त्यांच्याकडे जातो. हा आपला इर्जिकच झाला. डागाची नोंद राज्याच्या कृषी खात्यात असते आणि विक्रीच्या वेळी निरीक्षक तो डाग तपासतो. शरद ऋतूत दूध तुटलेली वासरे ट्रकमधून रवाना होतात, आणि वर्षाची बहुतेक कमाई त्या एकाच आठवड्यात हाती येते.

हिवाळ्याचा चारा हे या धंद्याचे खरे दुखणे आहे. गावाच्या उत्तरेला डायमंड व्हॅली आहे. एका टोकाशी खिळलेला, चाकांवर गोल फिरणारा लांबलचक फवारा तिथे लसूणघास भिजवतो, त्यामुळे विमानातून तिथली शेते हिरव्या भाकऱ्यांसारखी दिसतात. हे सारे पाणी बोअरचे आहे. सरकारी अंदाजाने या खोऱ्यात वर्षाला ३०,००० एकर-फूट पाणी मुरते (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके पाणी). उपसा त्याच्या दुपटीहून अधिक होत होता, आणि पूर्वी वाटलेले हक्क तर त्याहूनही जास्त होते. २०१५मध्ये राज्याने या खोऱ्याला संकटग्रस्त ठरवले. नेव्हाडाच्या कायद्यात ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी मिळते. म्हणजे कपात आली की नवे शेतकरी थेट बुडतात. म्हणून बहुसंख्य शेतकऱ्यांनी एकत्र बसून सर्वांनीच टप्प्याटप्प्याने उपसा घटवण्याची योजना आखली. जुने हक्कदार कोर्टात गेले. २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मताच्या फरकाने योजना उचलून धरली. बोअरवर बोअर घेणाऱ्या आपल्या तालुक्यांनी या वादाची कागदपत्रे अवश्य वाचावीत, असे मला वाटते.

पुढच्या पिढीबद्दल बोलायचे तर गावाला हात दिला आहे तो सोन्याने. काउंटीच्या उत्तर भागात कार्लिन पट्ट्यातल्या मोठ्या खाणी आहेत, त्यांच्या कराने तिजोरी भरते, आणि रँचवरचा एखादा मुलगा खाणीच्या पगारावर घरचे कर्ज फेडत असतो. गैरसोयी अंतराच्या आहेत. ईलीचे रुग्णालय ७७ मैलांवर, म्हणजे सव्वाशे किलोमीटर दूर. रुग्णवाहिकेवरचे लोक अशा गावांत बहुधा स्वयंसेवक असतात.

प्रश्न : जानेवारीत नेव्हाडातल्या ‘हायवे ५०’ने रात्री गाडी चालवावी लागणार आहे. गाय आडवी आली तर भरपाई कोणी द्यायची?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रात्र टाळता आली तर टाळावी. नेव्हाडात मोकळ्या चराईच्या भागात जनावर महामार्गावर येऊ न देण्याचे बंधन मालकावर नाही. त्यामुळे धडक बसल्यास गाडीचे नुकसान त्याच्याकडे मागता येत नाही. तिकडची पुष्कळ गुरे काळ्या अँगस जातीची असतात आणि डांबरही काळेच, त्यामुळे दिव्याच्या टप्प्यात आल्यावरच गाय दिसते. रस्त्यात लोखंडी नळ्यांची आडवी जाळी लागली आणि चाके खडखडली, की पुढे कुंपण नसेल असे धरून वेग कमी करावा. १९८६मध्ये ‘लाइफ’ मासिकाने हा अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता ठरवला आणि प्रवाशांना घाबरवले. राज्याच्या पर्यटन खात्याने तीच बदनामी जाहिरातीला वापरली. तरीही वाटेतल्या फॅलन गावाहून टाकी भरून निघावे, कारण पुढचे ऑस्टिन गाव तिथून ११० मैल आहे, आणि खिंडींत बर्फ असेल म्हणून चाकांच्या साखळ्या बरोबर ठेवाव्यात. समोरून पिकअप आला तर चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलेल. ओळख नसली तरी आपणही उचलावे.