मार्चअखेर लास वेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये झाडं-प्राणी दिसतात का, की नुसते लाल खडकच?

आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी सोबत आहे, हातात एकच दिवस आहे आणि ‘सिनेमातले हात वर केलेले कॅक्टस’ बघायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. कॅक्टसचं आधी सांगतो: ते सग्वारो, आणि ते इथे नाहीत. त्यांना उन्हाळी पाऊस लागतो आणि कडक थंडी सोसत नाही, म्हणून ते दक्षिण ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात वाढतात. रेड रॉक मोहावी वाळवंटात येतं. उंची साडेतीन-चार हजार फूट, हिवाळ्यात पाणी गोठतं.

इथला मानकरी जोशुआ वृक्ष, आपल्या घायपाताच्या कुळातला. तुमच्या तारखांना फांद्यांच्या टोकांना हिरवट-पांढरे तुरे असण्याची चांगली शक्यता आहे. एका छोट्या पतंगाशिवाय त्याला बी धरत नाही. मादी परागकणांची गोळी तोंडाशी धरून आणते, फुलात अंडी घालते आणि गोळी स्वतः नेमकी जागेवर दाबून बसवते. अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाचं. शेजारीच मोहावी युका असतो आणि बहुतेक जण त्याचेच फोटो जोशुआ म्हणून काढून आणतात. पानाची कड बघा: पांढरे कुरळे दोरे सुटलेले दिसले तर युका, पान आखूड, कडेला बारीक दाते, तर जोशुआ.

मुलीला जपायचं ते दोन कॅक्टसपासून. चोयाचे काटे उलट्या दातांचे असतात, नुसता धक्का लागला तरी अख्खं कांडं अंगाला चिकटून येतं. हाताने ओढलंत तर हातात रुततं. विरळ दातांचा कंगवा कातडी आणि कांड्याच्या मधे सरकवून झटक्यात उडवायचं, उरलेले काटे चिमट्याने. दुसरा बीव्हरटेल, आपल्या फड्या निवडुंगाचा भाऊ. लांब काटे नाहीत म्हणून गुळगुळीत वाटतो, पण प्रत्येक तपकिरी ठिपक्यात केसासारख्या कुसांचा झुबका असतो. त्या चिकटपट्टी दाबून काढा, चोळू नका.

प्राणी पाण्याजवळ आणि सकाळी. आतला २१ किलोमीटरचा रस्ता एकेरी आहे, एखादा थांबा सुटला तर पूर्ण फेरी मारून परत यावं लागतं. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ मधे आत जायला वेळ आधी आरक्षित करावी लागते. मी तर ८ च्या आधीच आत शिरायला सांगेन. कॅलिको टेकड्यांवर फार रेंगाळू नका, तिथे मुख्यतः माणसंच दिसतात. सरळ व्हाइट रॉकला जा. बिगहॉर्न मेंढ्या खडकाच्याच रंगाच्या असतात, त्यामुळे मेंढी शोधू नका, पार्श्वभागाचा पांढरा डाग हलतोय का ते बघा. दुर्बीण हवीच. पुढे लॉस्ट क्रीकची वाट छोटी आहे, आई-वडिलांना झेपेल. पाइन क्रीकला पाँडेरोसा पाइन आहेत. एरवी उंच डोंगरावरचं हे झाड हिमयुगापासून इथे टिकून राहिलंय, कारण दरीत थंड हवा साठते आणि ओलावा राहतो. तिथली वाट मात्र लांब आहे, अर्ध्यावरून परतलात तरी चालेल.

वाळवंटी कासव बाहेर दिसलं तर नशीब. जवळपास सगळं आयुष्य ते बिळातच काढतं. माहिती केंद्राच्या आवारात पाळलेली कासवं आहेत, ऊन असेल तर दिसतील. रानात दिसलं तर उचलू नका. घाबरलं की मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत त्यापायी मरू शकतं. गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाकून बघा, सावलीला ती तिथे येऊन बसतात.

रानगाढवं बाहेर, १५९ क्रमांकाच्या रस्त्यावर भेटतात. खाणवाल्यांनी आणलेल्या गाढवांचा हा वंश. त्यांना काही खायला घालणं बेकायदा आहे आणि त्यामागे कारण आहे: चटक लागली की ती रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि गाड्यांखाली मरतात. शिवाय चावतात, लाथाही मारतात. फोटो गाडीतूनच काढा, तेही गाडी रस्त्यावरून पूर्ण बाहेर घेऊन.

पाणी माणशी ४ लिटर गाडीत ठेवा, वाटेवर प्यायचं पाणी मिळेल असं धरू नका. वाट सोडून चालू नका: काळपट, खडबडीत दिसणारी माती म्हणजे जिवंत थर आहे, पायाखाली चुरला तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात.