पंप बिघडला तर आधी पेन, मग फोन

ताई, इन्सुलिन पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. तो थांबला की काही तासांत रक्तातले किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारी आम्लं) वाढू शकतात. म्हणून कंपनीला फोन करण्याआधी साखर बघा. २५० mg/dL च्या वर असेल तर किटोनही तपासा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस पेनने घ्या.

अडथळ्याचा अलार्म बरेचदा वाकलेल्या कॅन्युलामुळे (त्वचेखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी) येतो. नवीन सेट (नळी आणि कॅन्युला) नव्या जागी लावा. तरीही अलार्म आला, किंवा स्क्रीन, बटणं बिघडली, तर पंप बदलून मागा. ठाण्याच्या दमट पावसाळ्यात, लोकलच्या गर्दीत घामाने चिकटपट्टी सुटते, तो पंपाचा दोष नव्हे.

फोनवर सिरीयल नंबर, अलार्मचा कोड, वेळ विचारतात. फोटो काढून ठेवा. खराब सेट किंवा पॅच (थेट अंगाला चिकटणारा पंप) फेकू नका, पाकिटावरचा लॉट नंबरही जपा. तक्रार क्रमांक घ्याच. दोष गंभीर असेल तर सरकारच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडेही कळवता येतं, तो २०१५ पासून चालू आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: बेसल दर (दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन), कार्ब रेशो (किती कर्बोदकांना किती इन्सुलिन), करेक्शन फॅक्टर (एक युनिट साखर किती उतरवतं) कागदावर उतरवून ठेवा, कारण बदली पंपात तुमची सेटिंग्ज नसतात. शनिवारी संध्याकाळी पंप बंद पडला तर कुरिअर सोमवारआधी येईल असं धरू नका. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचं न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये हवंच. ते टोचल्यावर नव्या पंपाचा बेसल केव्हा सुरू करायचा, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.