नकलहेड घ्यावी की चीफ?

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलाला संग्रहासाठी जुनी मोटारसायकल घ्यायची आहे. १९४७ ची हार्ले-डेव्हिडसन नकलहेड की १९४८ ची इंडियन चीफ?

किंमत टिकण्याचा विचार असेल तर नकलहेड. १९३६ ते १९४७ एवढीच वर्षं ती निघाली आणि हार्लेच्या मोठ्या गाड्यांत ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेले व्हॉल्व्ह, पहिल्यांदा तिच्यात आले. या व्हॉल्व्हच्या वरच्या डब्यावरचे, म्हणजे रॉकर बॉक्सवरचे, नट आवळलेल्या मुठीच्या सांध्यांसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडलं. चीफ तिच्यापेक्षा स्वस्त मिळते. पण रविवारी बाहेर काढून चालवायची असेल, तर माझं मन चीफकडेच जातं. साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला) १२०० सीसीचं साधं इंजिन, अर्धं चाक झाकणारे मडगार्ड, आणि मागच्या चाकाला स्प्रिंग. हार्लेच्या मोठ्या गाडीला मागचं सस्पेन्शन १९५८ मध्ये मिळालं. नकलहेडवर खड्डा थेट सीटपर्यंत येतो.

प्रश्न : नकलहेड विकणारा म्हणतो, ‘इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळतो.’ विश्वास ठेवावा का?

मुळीच ठेवू नका. १९७० पूर्वीच्या हार्लेच्या फ्रेमवर कारखाना गाडीचा नंबर टाकतच नव्हता. तो फक्त इंजिनवर, डाव्या केसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या धातूच्या कवचाच्या डाव्या अर्ध्या भागावर असे. फ्रेमवर तोच नंबर दिसला, तर तो नंतर कुणीतरी ठोकलाय.

मुलाला टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हायला सांगा. इंजिनच्या पोटाला, दोन्ही केसवर, वर्षाचा आकडा आणि पुढे एक नंबर असतो. हा इंजिन नंबरापेक्षा वेगळा असतो, पण डावीउजवीकडे तोच हवा. मग डाव्या केसवरच्या इंजिन नंबराच्या जागेवर बोट फिरवायचं. भोवतीचं ओतीव खरखरीत आणि तेवढीच जागा गुळगुळीत लागली, तर तिथे ग्राइंडर फिरवून जुना नंबर घासून काढलाय. या गाड्यांचे केससुद्धा हल्ली नवे बनवून मिळतात, त्यामुळे मूळ केस हीच खरी गाडी. रंग, क्रोम, सीट सगळं नंतर करता येतं. खरवडलेला पण मूळ रंग असेल तर त्याला हातही लावू नका, ही माझी कळकळीची विनंती!

प्रश्न : चीफ चालवायला अवघड आहे का?

सवय मोडावी लागते. क्लच डाव्या पायाने, गिअर टाकीच्या उजव्या बाजूच्या दांड्याने, आणि बहुतेक जुन्या चीफना थ्रॉटल डाव्या मुठीत. हार्लेत थ्रॉटल उजवीकडे, दांडा डावीकडे. आधी मोकळ्या मैदानात शिका, चढावर थांबून निघणं सगळ्यात शेवटी.

प्रश्न : गाडी भारतात आणली तर पासिंग कसं होतं?

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. आयातीचे नियम मात्र बदलत असतात. पैसे देण्याआधी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाकडून ते लेखी घ्या. कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात केल्याचा कागद, जपून ठेवा, आरटीओत ती लागतेच.